रुमालाखालचा भाव, माइकवरचा भाव

माझे काका आटपाडी तालुक्यातले. नोकरी मास्तरकीची, पण लहानपण खिल्लार जनावरांच्या दावणीला गेलं. मी आयोवात राहते. माझी मुलगी इथल्या 'फोर-एच' या मुलांच्या शेती क्लबात आहे आणि त्या क्लबाचं थोडंफार काम मीही बघते. उन्हाळ्यात काका आमच्याकडे राहायला आले आणि जुलैतल्या आमच्या काउंटीच्या जत्रेत मुलीचा बोकड रिंगणात उतरला. जत्रा आटोपली, पण आमचं बोलणं काही आटोपेना. त्यातला वादाचा भाग इथे देते आहे. जेवणाखाण्याचं आणि नातेवाइकांचं बोलणं गाळलं आहे.

काका : जनावरं बघून मन भरलं, खोटं कशाला बोलू? पण मला एक सांग, पोरांना शेती शिकवायला क्लब कशाला लागतो? आम्ही पहाटे उठून शेण काढायचो, वैरण टाकायचो, मग शाळेला पळायचो. त्याला कुणी 'उपक्रम' म्हणत नव्हतं. नाही केलं तर पाठीत रट्टा बसायचा.

मी : रट्ट्यानं काम होतं काका, शिक्षण होतंच असं नाही. आणि हे क्लब निघाले ते शेतकऱ्यांच्याच पोरांसाठी. १९०२ साली ओहायोतल्या स्प्रिंगफील्डजवळ ए. बी. ग्रॅहम नावाच्या शाळा-अधीक्षकांनी मुलामुलींचा शेती क्लब काढला. कोर्टाच्या तळघरात बैठका भरायच्या. मका लावायचा, माती तपासायची, काय केलं ते लिहून आणायचं. इकडे आयोवात जेसी फील्ड नावाच्या शिक्षिकेनं असेच क्लब चालवले. त्यात एक गोम होती. कृषी महाविद्यालयांचं नवं बियाणं, नव्या पद्धती वडीलमंडळी मानायला तयार नव्हती. मग बियाणं पोरांच्या हातात दिलं. पोराच्या तुकड्यातली कणसं जड भरली की बाप कुंपणावरून बघणारच.

काका : म्हणजे बापाला वळवायला पोराला पुढं केलं. हे पटलं बघ. आम्ही मास्तर लोकांनी तेच केलं. संडास बांधा म्हणून गावकऱ्यांना सांगून थकलो, मग पोरांकरवी सांगितलं. बायकोचं न ऐकणारा माणूस लेकीपुढं गप बसतो.

मी : पुढे १९१४ च्या स्मिथ-लिव्हर कायद्यानं कृषी महाविद्यालयांच्या विस्तारकार्याला सरकारी पैसा मिळू लागला आणि हे क्लब त्यात आले. डोकं, काळीज, हात आणि आरोग्य अशा चार गोष्टींची चार पानं त्यांच्या बिल्ल्यावर असतात. आज साठेक लाख मुलं त्यात आहेत. सगळी शेतकऱ्यांची नाहीत. आपल्यासारखी भाड्यानं गोठा घेऊन बोकड पाळणारीही आहेत.

काका : तिथंच तर माझी अडचण आहे. भाड्याचा गोठा, विकतचं खाद्य, आईबापाच्या गाडीतून जाऊन पाळलेला बोकड. आणि त्याला बक्षीस म्हणून फीत. तू रागावू नकोस, पण ही शेतीची भातुकली झाली.

मी : रागवत नाही. पण त्या रिंगणात तुम्ही काय बघितलंत ते सांगा.

काका : पोरीनं गळ्याची साखळी धरून बोकड चालवला, चारी पाय चौकोनात उभे केले. पंचानं पाठीवरनं, कमरेवरनं हात फिरवला. वय विचारलं, वजन विचारलं, खाद्यात प्रथिनं किती ते विचारलं. इथवर समजलं. मग त्यानं काहीतरी विचारलं आणि पोरगी क्षणभर थांबली. त्याचं उत्तर मला कळलं नाही.

मी : त्यानं विचारलं, तुझ्या जनावरात एक गोष्ट बदलता आली तर काय बदलशील? हा प्रश्न पंच नेहमी विचारतात. ती म्हणाली, मागचे पाय जरा आत वळलेत आणि कमरेला मांस कमी आहे.

काका : भर रिंगणात स्वतःच्या जनावराची खोड सांगितली?

मी : हो. तो गट जनावर दाखवण्याचा होता. त्यात गुण जनावराला नसतात, जनावर दाखवणाऱ्याला असतात. आपल्या जनावराचा दोष ज्याला दिसत नाही, त्याला जनावर कळलं नाही असं धरतात.

काका : आमच्याकडं खरसुंडीला पौषात सिद्धनाथाची जत्रा भरते, तिथं मी हे बोललो असतो तर वडिलांनी मला बाजारातच विकला असता! तिथं दोष सांगायचा नसतो, शोधायचा असतो. घेणारा येतो, दात बघतो, आदत आहे का जुळलाय. मग भोवरे बघतो, कुठला शुभ, कुठला खोडीचा. खुरं बघतो, वशिंड चाचपतो, चालवून बघतो. आम्ही आठवडाभर आधीपासून शिंगं घासून तेल लावून ठेवायचो. दोष झाकणं ही तिथली कला आणि तो हुडकणं ही तिथली परीक्षा. आणि तू म्हणशील ही लबाडी, पण त्यानंच आमची नजर तयार झाली. आजही मला लांबून जनावर लंगडतंय ते कळतं.

मी : नजर तयार झाली हे मान्य. पण ती समोरच्यावर ठेवायची नजर. स्वतःच्या दावणीवर तीच नजर ठेवायला तुम्हाला कुणी शिकवलं?

काका : घरी शिकवलं की. घरात वडील तोच दोष चारदा बोलून दाखवायचे. बाजारात तेवढं तोंड मिटायचं. कुठं काय बोलावं हे पण शिक्षणच आहे.

मी : बरं. मग भावाचं सांगा. तुमच्या हातचा खोंड विकला गेला तेव्हा भाव किती ठरला ते तुम्हाला कळलं होतं?

काका : कसं कळणार? वडिलांनी आणि घेणाऱ्यानं रुमालाखाली हात घातला. बोटं दाबून भाव चाललेला. मध्ये हेडी, म्हणजे जनावरांचा दलाल, उभा, एकदा याच्याकडं बघतोय, एकदा त्याच्याकडं. मी कासरा धरून तिथंच, हातभर अंतरावर. रुमाल हलतोय तेवढा दिसत होता. मग एकदम हात सुटला, गुलाल पडला आणि कासरा माझ्या हातातनं गेला. वर्षभर भरडा-सरकी मी चारलेली, खरारा मी केलेला. भाव मला रात्री आईकडनं कळला, तोही खरा होता की नाही देवाला ठाऊक.

मी : आणि इथे?

काका : इथं तो माइकवाला लाह्या फुटल्यागत बोलत होता, मला अक्षर कळलं नाही. पण पोरगी बोकड घेऊन मध्ये उभी आणि आकडे तिच्या डोक्यावरनं चढत होते, हे दिसलं. हे मात्र चांगलं आहे, मी नाही म्हणत नाही. जो राबला त्याच्या कानावर भाव पडला पाहिजे.

मी : मला सगळ्यात मोल त्याचंच वाटतं. तिच्या नोंदवहीत बोकडाची खरेदी आहे, खाद्याची पोती आहेत, जंताचं औषध आहे, वसंतात केलेलं पहिलं वजन आणि शेवटचं वजन आहे. दिवसाला वजन किती वाढलं ते तिनं स्वतः काढलं. भाव हा त्या वहीतला शेवटचा आकडा. आपल्याकडच्या किती शेतकऱ्यांच्या घरात अशी वही आहे?

काका : थांब, वहीवर येऊच. तो बोकड घेतला कुणी?

मी : इथल्या एका बँकेनं.

काका : बँक बोकडाचं काय करणार? आणि बाजारभाव काय होता?

मी : जो मिळाला त्याच्या बराच खाली. अशा लिलावात बँका, खाद्याची दुकानं, गाड्यांचे विक्रेते मुद्दाम चढा भाव देतात. बरेचदा ते जनावर नेतही नाहीत. वरची रक्कम देतात आणि जनावर बाजारभावानं कत्तलखान्याकडे जातं. मुलं त्यांना आभाराचं पत्र लिहितात.

काका : मग तुझ्या वहीतला शेवटचा आकडाच खोटा! ही कौतुकाची रक्कम झाली. पोरीला वाटणार, बोकड पाळला की फायदाच होतो. असला धंदा करून बघ म्हणावं उघड्या बाजारात. शेतीतली मुख्य गोष्टच तिला कळली नाही. माल तुझा, पण भाव दुसऱ्याचा, आणि तो तुझ्या घामाकडं बघून ठरत नाही.

मी : गाव मुलांच्या मागे उभं राहतं, हेही तिला कळलं ना?

काका : कळलं, आणि ते लाखमोलाचं आहे. पण त्याला देणगी म्हण, भाव म्हणू नको. आणि कौतुकाचा पैसा आला की त्यामागनं दुसरं काय येतं ते जत्रेत वाढलेल्या माणसाला विचार. ज्याच्या बापाकडं पैसा, तो तयार जनावर आणून उभं करतो.

मी : येतं. जिंकणारी वासरं हजारो डॉलरला विकत मिळतात आणि पोरगं नुसती दोरी धरतं, अशी तक्रार इथेही आहे. १९९० च्या दशकात डेन्व्हरच्या मोठ्या प्रदर्शनात पहिला आलेला गोऱ्हा क्लेनब्युटेरॉल नावाच्या बंदी घातलेल्या औषधात सापडला. तेव्हापासून पहिल्या नंबरांच्या तपासण्या कडक झाल्या.

काका : बघ! आपल्याकडं शर्यतीच्या बैलाचं तेच झालंय. २०२१ च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टानं शर्यतींना वाट मोकळी केली आणि खिल्लार खोंडांचे भाव कुठल्या कुठं गेले. जात वाचली म्हणून मला आनंद आहे. पण नांगर ओढणाऱ्या शेतकऱ्याला तो खोंड आता परवडत नाही. बक्षीस जनावराला वाचवतं पण शेतीतनं उचलून नेतं.

मी : आता मी एक विचारते. बोकड कुठे जाणार हे कळल्यावर तुम्ही दोन दिवस जेवला नाहीत नीट. का?

काका : नाव ठेवलं होतं ना त्याचं! नाव ठेवायचं, कुरवाळायचं, आंघोळ घालायची आणि मग ट्रकात चढवायचं. दहा-बारा वर्षांच्या पोरीकडनं हे करून घ्यायचं याला मी निबरपणा म्हणतो. आम्ही खोंड विकला तो दुसऱ्याच्या नांगराला.

मी : आणि म्हातारा बैल?

काका : तो... व्यापारी न्यायचा.

मी : कुठे?

काका : आम्ही विचारत नव्हतो. आणि आता तर २०१५ च्या कायद्यानं बैल, वळू सगळंच बंद झालंय. मग जर्सीचा गोऱ्हा झाला की लोक रात्रीत सोडून देतात. दुसऱ्याच्या रानात, रस्त्यावर. तेही कुणी विचारत नाही.

मी : इथे मुलीनं पहिल्याच दिवशी अर्जावर लिहिलं होतं, मांसाच्या गटात की पैदाशीच्या. तो ट्रक कुठे जाणार हे तिला माहीत होतं. ती रडली. पुष्कळ मुलं रडतात, मोठी पोरंही गोठ्यामागे जाऊन डोळे पुसतात. पण तिला कुणी फसवलं नाही.

काका : माहीत असणं म्हणजे पेलणं नव्हे गं. लहान लेकराला सही कळते का? त्याचं मन मध्येच फिरलं तर?

मी : फिरतं. आणि तिथे जत्रा भरवणारी माणसं चुकलेलीही आहेत. २०२२ साली कॅलिफोर्नियात एका नऊ वर्षांच्या मुलीनं लिलावानंतर बोकड द्यायला नको म्हटलं. घरच्यांनी नुकसान भरून द्यायची तयारी दाखवली. नऊशे दोन डॉलरला गेलेला बोकड, त्यात जत्रेचा वाटा साठ-पासष्ट डॉलरचा. पण आयोजकांनी नियम धरून ठेवला, पोलीस शेकडो मैल जाऊन बोकड घेऊन आले आणि तो कापला गेला. कुटुंब कोर्टात गेलं. २०२४ मध्ये तीन लाख डॉलरवर तडजोड झाली.

काका : साठ डॉलरसाठी तीन लाख! आमचा हेडी यांच्यापेक्षा शहाणा म्हणायचा. सौदा झाल्यावर पोरगं गळ्यात पडून रडलं तर घेणारा इसार परत करून निघून गेलेला मी बघितलाय.

मी : आणि पोरगी रडली असती तर? त्या बाजारात पोरी कुठे होत्या?

काका : पोरी जत्रेला यायच्या की.

मी : देवाला, नवसाला, पाळण्यात बसायला. जनावरांच्या बाजारात कासरा धरून किती होत्या? शेण काढणं, वैरण आणणं, धार काढणं माझ्या आत्यांकडे होतं. बाजाराच्या दिवशी कासरा तुमच्याकडे आला.

काका : ते खरं आहे. तुझ्या थोरल्या आत्याचा हात लागल्याशिवाय गाय पान्हा सोडत नव्हती. पण बाजाराला तिला कुणी नेलं नाही.

मी : इथेही सगळं सरळ नव्हतं. हायस्कूलच्या मुलांची एफएफए नावाची शेती-संघटना १९२८ साली निघाली, तिनं १९६९ पर्यंत मुलींना सदस्य करून घेतलं नाही. कृष्णवर्णीय मुलांची संघटना वेगळी होती, ती १९६५ मध्ये एफएफएमध्ये विलीन झाली. पण दुसरी वाटही होती. १९१० साली दक्षिण कॅरोलायनात मेरी क्रोमर नावाच्या शिक्षिकेनं मुलींचे टोमॅटो क्लब काढले. एकेकीनं एकराचा दहावा हिस्सा लावायचा, टोमॅटो डब्यात भरायचे आणि विकायचे. कित्येकींच्या हातात स्वतःचा पैसा पहिल्यांदा आला तो त्या डब्यांचा. म्हणून मला त्या नोंदवहीचं एवढं वाटतं. वहीवर नाव असलं की काम कुणाचं हे झाकता येत नाही.

काका : वही, वही! आता माझं ऐक. बहात्तरचा दुष्काळ पडला तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. कडबा संपला, विहीर आटली. वडिलांनी बैलजोडी बाजारात नेली. सगळं गाव तिथंच आलेलं, सगळ्यांच्या हातात कासरे आणि घेणारा कुणी नाही. जोडी मातीमोल गेली. येताना वडील चालत होते, मी मागनं. कुणी काही बोललं नाही. नफा-तोटा मला त्या दिवशी कळला, वही न लिहिता. तुझ्या पोरीला हे कोण शिकवणार?

मी : त्या दिवशी तुम्ही काय ठरवलंत?

काका : ठरवलं की काहीही होवो, शेती करायची नाही. शिकायचं आणि नोकरी धरायची.

मी : मग काका, त्या बाजारानं तुम्हाला शेती शिकवली, की शेतीतनं बाहेर पडायला शिकवलं?

काका : ...बाहेर पडायला. हे मान्य करतो. माझ्या वर्गातली निम्मी पोरं तशीच बाहेर पडली. आमच्या माणदेशातली कितीतरी घरं सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यात देशभर पसरली, ती काही हौसेनं नाही.

मी : माझं म्हणणं एवढंच आहे. तोटा घर बुडवण्याएवढा मोठा असला की मूल पळायला शिकतं. तो मुलाला पेलेल एवढा असला तर ते पुढच्या वर्षी दुसरं जनावर आणतं. मागच्या साली क्लबातल्या एका मुलाचं कोकरू जत्रेच्या तोंडावर पोट फुगून मेलं. वहीत त्यानं सगळा खर्च लिहिला, उत्पन्नापुढे शून्य लिहिलं आणि कारण लिहिलं : खाद्य एकदम बदललं. यंदा तो पुन्हा रिंगणात होता.

काका : आणि माझं म्हणणं उलट बाजूनं तेच आहे. तोटा नुसता कागदावरचा असला, बँक येऊन तो भरून काढणार असली, तर मूल खेळायला शिकतं. पेलेल एवढा लहान हवा हे तुझं बरोबर. पण लागेल एवढा खरा हवा, हे माझं. त्या कोकरावाल्या पोराला तो लागला, म्हणून त्याचं शिक्षण झालं. चढ्या भावानं बोकड गेलेल्या पोरांचं झालं का, याची मला शंका आहे.

मी : मग वहीत दोन रकाने करू. एक बाजारभावाचा आणि एक कौतुकाचा. नफा-तोटा पहिल्यावरूनच काढायचा. दुसरा रकाना आभाराच्या पत्रासाठी.

काका : हां, आता मास्तराला पटेल असं बोललीस. त्या हिशेबानं यंदा तुझ्या पोरीचं काय झालं?

मी : थोडी तोट्यात आली असती.

काका : मग सांग तिला. आजच सांग. तिला वाईट वाटेल, पण पुढच्या वर्षी खाद्याची पोती मोजून आणेल.

मी : सांगते. पण तुम्हीही गावाकडे एक करा. आपल्याकडे जत्रेतल्या प्रदर्शनात बक्षीस मिळतं ते जनावराच्या मालकाला, म्हणजे बापाला. माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेत लालकंधारीला मिळो की आणखी कुठे. शाळेत एक गट काढा. आठवी-नववीच्या मुलामुलींना एकेक उस्मानाबादी शेळी, बचत गटाकडून लहानसं कर्ज, शेळीचा विमा आणि प्रत्येकाची वही. रिंगणात जनावर मुलानं किंवा मुलीनं स्वतः धरायचं आणि स्वतः बोलायचं. दोषासकट.

काका : कागदावर झकास आहे. गावात काय होईल ते मी सांगतो. जूनमध्ये बियाण्याला पैसे नसले की घरातली पहिली विकली जाणार ती पोराची शेळी. बाप काय विचारून विकणार आहे?

मी : विकू दे. घर अडचणीत असताना मूल नाही म्हणणार नाही, म्हणूही नये. पण वहीत लिहायचं, बापाला एवढी उचल दिली, अमुक तारखेला.

काका : बापाच्या नावावर उधारी? आणि त्याखाली बापाची सही?

मी : सही तर हवीच.

काका : अगं, आमच्याकडं बाप सावकाराच्या कागदावर मुकाट सही करतो, पण लेकीच्या वहीवर करणार नाही. एवढं एक जमवून दाखव, मग मी म्हणेन की क्लबानं शेती शिकवली. शेतकऱ्याच्या घरातली निम्मी भांडणं त्यानं मिटतील आणि उरलेली निम्मी त्या वहीवरनंच नव्यानं सुरू होतील.